दहा हजार खेळांची पेटी

भंडाऱ्याहून नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर शहापूर लागते. जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी, गावात अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि रस्त्यालगत किराणा, हार्डवेअर, कापड, मोबाइल यांची दुकाने. मे महिन्यात विदर्भाचा पारा ४५ अंशांपलीकडे सरकला की दुपारी बारा ते पाच या वेळेत मुले घराबाहेर पडूच शकत नाहीत. शाळेला सुटी, बाहेर ऊन आणि हातात वडिलांचा मोबाइल, अशा स्थितीत व्यापारी घरांतून एक मागणी हमखास पुढे येते. मुलाला ‘प्लेस्टेशन ५’ हवे असते. हे यंत्र २ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतात विक्रीस आले तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. तेवढ्या रकमेत दुकानाचा एक आठवड्याचा माल भरता येतो, हा हिशेब वडिलांच्या मनात लागलीच होतो. मग तडजोडीचा मार्ग म्हणून ते स्वतःच्या बालपणातील खेळाची आठवण काढतात: मारिओ, रोड फायटर, टेट्रिस. आज ‘रेट्रो’ या नावाने तोच खेळ पुन्हा मिळतो आणि पाच हजारांच्या आत मिळतो. प्रश्न एवढाच उरतो की त्या पाच हजारांत नेमके काय घ्यावे.

हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. घरातील पैसा, मुलाचा वेळ आणि दुकानाची सचोटी हे तिन्ही विषय या लहानशा पेटीत एकत्र येतात.

प्रथम त्या आठवणीविषयी. निन्टेंडो या जपानी कंपनीने ‘फॅमिकॉम’ हे घरगुती यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये बाजारात आणले. भारतात त्या काळी विदेशी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते. संख्यात्मक निर्बंधांचा शेवटचा भाग १ एप्रिल २००१ रोजी उठला. त्यामुळे मूळ यंत्र सामान्य घरापर्यंत फारसे आलेच नाही. नव्वदच्या दशकात नागपूरच्या सीताबर्डीत वा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जे मिळे ते बहुतांशी फॅमिकॉमच्या धर्तीवर बनविलेले अनुकरण असे. ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ ही नावे आज चाळिशीत असलेल्या अनेकांना आठवतील. सोबतच्या पिवळ्या कार्ट्रिजवर ‘९९९९९९९ इन वन’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात आत मोजके काही डझन खेळ असत आणि तेच खेळ निरनिराळ्या नावांनी, निरनिराळ्या टप्प्यांपासून सुरू होत. म्हणजे ज्या वस्तूकडे आजचा पिता हळव्या मनाने पाहतो, ती वस्तू मुळातच नकली होती आणि तिच्यावरील आकडा खोटा होता. बालपणी हे कळण्याचे कारण नव्हते. आज मात्र तो स्वतः माल घेतो आणि विकतो. आज त्याला कळले पाहिजे.

कारण तोच आकडा नव्या वेषात परत आला आहे. ऑनलाइन दुकानांत आणि दिवाळीपूर्वी घाऊक बाजारात ‘गेम स्टिक’ नावाची वस्तू ठिकठिकाणी दिसते. बोटभर लांबीची पट्टी टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत बसवायची, सोबत दोन बिनतारी कंट्रोलर, आत मेमरी कार्ड आणि त्यावर दहा हजार खेळ. किंमत साधारणतः दीड ते तीन हजारांच्या दरम्यान. अल्प खर्चात पाहता यापेक्षा स्वस्त सौदा दिसत नाही. कंट्रोलर हलके असतात, बटण दाबणे आणि पडद्यावर उडी दिसणे यांत क्षणाचे अंतर पडते, मेमरी कार्ड हलक्या प्रतीचे असल्याने काही महिन्यांत दगा देते. परंतु हे दोष क्षणभर बाजूस ठेवू. दहा हजार खेळ प्रत्येकी केवळ दहा मिनिटे खेळायचे म्हटले तरी एक लाख मिनिटे होतात, म्हणजे सुमारे १,६६७ तास. आठवड्याला एक तास या दराने बत्तीस वर्षे लागतील. दहा वर्षांचा मुलगा बेचाळिसाव्या वर्षी यादीच्या शेवटास पोहोचेल. परिग्रह-परिमाणाचा अर्थ मुलाला समजावून सांगायचा असेल तर याहून सोपे उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही. घरोघरचा अनुभवही तसाच आहे. दहा हजारांची यादी समोर असलेले मूल कोणताही खेळ पुरता खेळत नाही. ते यादीच खेळत राहते.

खरा प्रश्न मात्र त्या खेळांच्या मालकीचा आहे, आणि येथे यंत्र व खेळ यांत भेद करावा लागतो. यंत्राच्या रचनेवर पेटंट असते आणि त्याची मुदत वीस वर्षांची. फॅमिकॉमच्या मूळ रचनेवरील हक्क केव्हाच संपले. तशा रचनेचे यंत्र आज कोणीही स्वतःच्या नावाने बनविले तर तो अपराध नव्हे. खेळ ही मात्र रचना-कृती आहे आणि तिला प्रतिलिप्यधिकार, म्हणजे कॉपीराइट, लागू होतो. भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार अशा कृतीचा हक्क अनेक दशके टिकतो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ साली प्रसिद्ध झाला. त्याचा हक्क अजून संपलेला नाही. ‘जुना आहे, आता कोण विचारतो’ हे समर्थन त्यामुळे टिकत नाही. तसेच एका यंत्राचे खेळ दुसऱ्या यंत्रावर चालविणारी ‘एम्युलेटर’ नावाची प्रणाली स्वतः अवैध मानली जात नाही. अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात प्लेस्टेशनच्या एम्युलेटरच्या बाजूने निकाल दिला होता. दोष वाहनात नाही, त्यात भरलेल्या मालात आहे.

श्रावकाच्या दृष्टीने याला अचौर्य अणुव्रताचे नाव आहे. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे पाच अतिचार दिले आहेत आणि ते वाचताना एखाद्या बाजारपेठेचे नियमपुस्तक वाचल्यासारखे वाटते. त्यांतील ‘तदाहृतादान’ म्हणजे दुसऱ्याने चोरून आणलेली वस्तू घेणे, आणि ‘प्रतिरूपक-व्यवहार’ म्हणजे अस्सल म्हणून नकली मालाचा व्यापार करणे. खोटी मापे वापरणे हाही त्यांतच आलेला अतिचार. खेळ चोरणारा कोणी परदेशी कारखानदार असेल, ग्राहकाने तर पैसे मोजून वस्तू घेतली, असा युक्तिवाद करणाऱ्यास ‘तदाहृतादान’ हा शब्द पुरेसा आहे. तूप, केशर, सोने यांच्या बाबतीत हा विवेक व्यापारी घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या मालाच्या बाबतीत तो विसरला जातो, एवढेच.

मग पाच हजारांत घ्यावे तरी काय? सर्वांत स्वस्त उत्तर बहुधा घरातच माळ्यावर पडलेले असते. टॅलीचे हिशेब नव्या संगणकावर गेल्यानंतर जुना संगणक वा लॅपटॉप बहुतेक दुकानदारांकडे शिल्लक राहतो. ऐंशी-नव्वदच्या दशकातील खेळांना संगणकाची फारशी शक्ती लागत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीचे यंत्रही त्यांस पुरून उरते. त्याला टीव्ही जोडावा, सहाशे ते हजार रुपयांत मिळणारा तारेचा यूएसबी कंट्रोलर घ्यावा आणि ‘रेट्रोआर्क’ ही मोफत प्रणाली बसवावी. बिनतारी कंट्रोलरचा मोह टाळावा; तारेच्या कंट्रोलरला सेल लागत नाहीत आणि विलंबही कमी. खेळांसाठी दोन सरळ मार्ग आहेत. पहिला, जुन्या खेळांचे अधिकृत संच संगणकासाठी विकत मिळतात आणि सवलतीच्या काळात त्यांची किंमत एका वेळच्या नाश्त्याएवढी खाली येते. दुसरा मार्ग कमी लोकांना ठाऊक आहे: आजचे काही हौशी रचनाकार जुन्या यंत्रांसाठीच नवे खेळ लिहितात आणि ते स्वखुशीने मोफत देतात. गेम बॉयसाठी २०१७ मध्ये आलेला ‘तोबू तोबू गर्ल’ आणि फॅमिकॉमच्या पाश्चात्त्य आवृत्तीसाठी लिहिलेला ‘नोव्हा द स्क्विरल’ ही त्यांची दोन उदाहरणे. यांची प्रत घेण्यात कोणाचेही काही हरण होत नाही. महाविद्यालयात शिकणारा घरातील मोठा मुलगा वा पुतण्या ही सारी जुळणी एका रविवारी करू शकेल, आणि लहान भावंडाला संगणक आतून कसा असतो हे त्या निमित्ताने दिसेल ते वेगळेच. दुकानाचा जुना संगणक वापरात आणण्यापूर्वी त्यातील खातेवही, ग्राहकांची यादी आणि बँकेचे संकेतशब्द पुसून टाकावेत, हे व्यापाऱ्यास सांगण्याची गरज नसावी. तरीही हीच गोष्ट बहुधा राहून जाते.

संगणकाच्या जुळणीचा कंटाळा असलेल्यांसाठी दुसरा चांगला पर्याय म्हणजे वापरलेले ‘प्लेस्टेशन २’. हे यंत्र मार्च २००० मध्ये जपानमध्ये आले, त्याचे उत्पादन जवळपास तेरा वर्षे चालू राहिले आणि जगभर पंधरा कोटींहून अधिक नग विकले गेले. इतकी विपुल वस्तू असल्यामुळे तिचे सुटे भाग आणि दुरुस्ती करणारे कारागीर आजही नागपुरात शोधल्यास मिळतात. त्यावर पहिल्या प्लेस्टेशनच्या चकत्या चालतात, डीव्हीडीही चालते. भारतासाठी खास तयार झालेले खेळ मिळालेले हे पहिल्या काही यंत्रांपैकी एक. २००९ साली आलेल्या ‘देसी अड्डा: गेम्स ऑफ इंडिया’ या खेळात कबड्डी, विटीदांडू आणि पतंग आहेत. जुन्या चकत्यांच्या ढिगात तो सापडला तर सोडू नये. यंत्राची किंमत अवस्थेनुसार तीन ते सहा हजारांच्या घरात जाते आणि येथे घासाघीस करण्यास पूर्ण वाव असतो.

परंतु हा सौदा उभ्या-उभ्या करू नये. या यंत्राचा प्राण म्हणजे चकती वाचणारे लेझर भिंग, आणि ते वयाने थकते. दुकानात किमान वीस मिनिटे खेळ चालवून पाहावा. चकती अडखळत वाचली जात असेल, खरखर येत असेल तर यंत्र कितीही चकचकीत असो, परत ठेवावे. कंट्रोलरच्या दोन्ही खाचा तपासाव्यात. मेमरी कार्ड सोबत मागावे, कारण त्याविना खेळाची प्रगती साठवली जात नाही आणि मुलाचा पहिला रागाचा झटका त्याच कारणाने येतो. मागील बाजूस लिहिलेला विद्युतदाब वाचावा: भारतीय यंत्रावर २३० व्होल्ट असते, जपानचे यंत्र १०० व्होल्टचे आणि अमेरिकेचे १२० व्होल्टचे. परदेशातून नातलगाने आणलेले यंत्र सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये घातले तर ते पहिल्याच दिवशी शेवटचा श्वास घेते. घरचा टीव्हीही पाहून घ्यावा. जुनी यंत्रे पिवळ्या-पांढऱ्या-लाल तारांनी जोडली जातात आणि अनेक नव्या टीव्हींना ती खाचच नसते. काहीशे रुपयांचे रूपांतरक घ्यावे लागते. विक्रेत्याने ‘यात चिप बसवलेली आहे, कोणतीही चकती चालते’ असे सांगितल्यास त्याचा अर्थ एवढाच की चोरीच्या चकत्या चालाव्यात म्हणून यंत्रात फेरफार केला आहे. अस्सल चकत्या मागाव्यात. तीन अस्सल चकत्या एका उन्हाळ्यास पुष्कळ झाल्या.

कंपन्यांनी स्वतः काढलेली लहान रेट्रो यंत्रेही आहेत. निन्टेंडोने नोव्हेंबर २०१६ मध्ये तीस खेळांचे, सोनीने डिसेंबर २०१८ मध्ये वीस खेळांचे आणि सेगाने सप्टेंबर २०१९ मध्ये बेचाळीस खेळांचे छोटे यंत्र आणले. वस्तू निर्दोष आणि हक्क स्वच्छ. मात्र भारतात ती आयातदारांमार्फतच हाती लागतात आणि पाच हजारांची मर्यादा मोडल्याशिवाय सहसा मिळत नाहीत. त्यांच्या हुबेहूब नकलाही बाजारात आहेत. अर्ध्या किमतीत कोणी देत असेल तर ती नक्कल समजावी. चिनी बनावटीची हातात मावणारी खेळयंत्रे साडेतीन-चार हजारांपासून मिळतात आणि त्यांचा पडदा व बांधणी किमतीच्या मानाने चांगली असते. अडचण पुन्हा सोबतच्या कार्डाचीच. कार्डाविना यंत्र मागून त्यात वर सांगितलेले मोफत खेळ घालता येतात. परंतु हातातील पडदा नजरेआड खोलीत जातो आणि बैठकीतील टीव्ही सर्वांसमोर राहतो, हा फरक घरातील वडीलधाऱ्यांना लगेच उमजेल.

आता हिंसेचा प्रश्न. ‘खेळच तर आहे, त्यात कोणाचा जीव जातो?’ हा प्रश्न प्रत्येक मूल विचारते आणि जैन परंपरेने तो हजार वर्षांपूर्वीच ऐकलेला आहे. सोमदेवसूरींनी इ.स. ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलकचंपू’त आणि पुष्पदंतांच्या अपभ्रंश ‘जसहरचरिउ’त यशोधर राजाची कथा येते. दुःस्वप्नाच्या शांतीसाठी आई पशुबळी सुचविते. राजा नकार देतो. अखेर तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला जातो. रक्ताचा थेंबही सांडत नाही. तरीही मारण्याचा संकल्प मनात होता म्हणून माता आणि पुत्र दोघांनाही पशुयोनींतून भटकावे लागते. पडद्यावरील पाखरू हा आजचा पिठाचा कोंबडा होय, असे कोणी म्हटले तर त्यास अतिरेकी म्हणून हसण्यावारी नेता येणार नाही.

या कसोटीवर काही खेळ सहज बाजूस पडतात. १९८४ साली आलेला ‘डक हंट’ हा नावाप्रमाणे बदकांच्या शिकारीचा खेळ नव्वदच्या दशकात प्लास्टिकच्या बंदुकीसह अनेक शाकाहारी घरांत नांदला. ती बंदूक गोळी मारत नसे, प्रकाश पाहत असे: चाप ओढताच पडदा निमिषभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि नळीतील संवेदकाने तो पाहिला तर नेम लागला असे यंत्र समजे. ही सारी वेळेची गणिते जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर बेतलेली असल्याने आजच्या सपाट पडद्यावर ती मूळ बंदूक चालत नाही. तंत्रज्ञानाने केलेला हा एक अहेतुक उपकारच. ‘कॉन्ट्रा’ हा सरळ गोळीबाराचा खेळ. त्याला घरात स्थान नसावे. मारिओविषयी मतभेद होतील. त्यात प्राणिसदृश आकृतींवर उडी मारून त्यांना चिरडले जाते, पण बऱ्याचदा त्यांना ओलांडून पुढे जाणेही शक्य असते. कोणालाही न चिरडता टप्पा पार करण्याची पैज एखाद्या घरात लागली तर खेळ अधिक कठीण आणि अधिक रंजक होतो. मॉस्कोतील अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ साली रचलेला ‘टेट्रिस’ मात्र निर्मळ आहे. त्याचीच गरीब आवृत्ती असलेला ‘ब्रिक गेम’ एकेकाळी जत्रेतही मिळे. पेट्या ढकलून जागी लावण्याचा १९८२ चा ‘सोकोबान’ हा तर गोदामात वाढलेल्या मुलांसाठीच लिहिला असावा असे वाटते. सोकोबान या जपानी शब्दाचा अर्थही गोदामरक्षक असाच आहे. मोटारींचे ‘रोड फायटर’, मोटारसायकलींचे ‘एक्साइटबाइक’ चालतील. राहिला पॅक-मॅन. तो चौविहाराचा विचार न करता अहोरात्र खात असतो, परंतु खातो ते ठिपके.

खेळाला परंपरेचा विरोध होता असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. सापशिडीचे जैन रूप असलेली ‘ज्ञानबाजी’ पर्युषणाच्या दिवसांत मांडली जाई. चौऱ्याऐंशी घरांचा पट, घराघरांत कर्मांची आणि गतींची नावे, माथ्यावर सिद्धशिला. अशा जुन्या पटांचे नमुने संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत. महाराष्ट्रात मोक्षपट याच कुळातला. पाच हजारांच्या अंदाजपत्रकातून शंभर रुपये काढून कापडावर असा एक पट घरी रंगवून घेता येईल, आणि वीज गेलेल्या दुपारी तोच कामास येईल.

शेवटी प्रश्न घरातून दुकानात येतो. ज्या व्यापाऱ्याने मुलासाठी गेम स्टिक नाकारली, त्याच्याच समोर दिवाळीपूर्वी पुरवठादार तिची पन्नास नगांची पेटी ठेवतो. नफा चांगला, मागणी तयार, शेजारचा दुकानदार ठेवतोच आहे. घरी जे वर्ज्य ते फळीवर ठेवायचे काय? कायद्याची बाजू स्पष्ट आहे. हक्कभंगाची प्रत विकणे वा विक्रीसाठी आयात करणे हे १९५७ च्या कायद्याच्या कलम ५१ खाली येते. जाणूनबुजून केलेल्या अपराधास कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. शिवाय व्हिडिओ खेळयंत्रे ही २०१२ च्या सक्तीच्या नोंदणी आदेशातील पहिल्या पंधरा वस्तूंमध्येच होती. वेष्टनावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक हवा. तो ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर दोन मिनिटांत पडताळता येतो. आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किंमत, महिना-वर्ष हे वेष्टनावर नसेल तर वैधमापन खात्याचा प्रश्न वेगळा उभा राहतो. पुरवठादाराकडे पक्के बिल मागितल्यावर तो काय उत्तर देतो, यावरून मालाची जात कळते. पेटी परत पाठविली तर दिवाळीच्या गल्ल्यात काही हजारांची तूट दिसेल. ती तूट खरी आहे आणि ती लपविण्याचे कारण नाही. त्या फळीवर तारेचे कंट्रोलर, एव्ही-एचडीएमआय रूपांतरक, चांगल्या प्रतीची मेमरी कार्डे ठेवता येतात. नफा थोडा, पण ग्राहक तक्रार घेऊन परत येत नाही.

घरातल्या यंत्राला वेळेची मर्यादा कोणती घालावी यावर अनेक मते आहेत. ज्या घरात सामायिकाची सवय आहे तेथे अठ्ठेचाळीस मिनिटांचे माप तयारच आहे. मुलाने सकाळी तेवढा वेळ स्थिर बसावे आणि दुपारी तेवढाच वेळ खेळावे, हे गणित त्यालाही न्याय्य वाटते. चातुर्मासात वा निदान पर्युषणात यंत्र बंद ठेवायचे असल्यास ते नुसते कपाटात ढकलू नये. पावसाळी दमट हवेत भिंगावर बुरशी धरते. चकती बाहेर काढावी, बिनतारी कंट्रोलर असल्यास त्यातील सेल काढून ठेवावेत, यंत्र सुती कापडात गुंडाळून सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह डब्यात ठेवावे, आणि संवत्सरी झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना अर्धा तास उघड्या हवेत राहू द्यावे.